एकच हॉस्पिटल बिल, तीन क्रेडिट रिपोर्ट आणि तीन वेगळ्या नोंदी : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

मार्च २०२४ मध्ये आम्ही घराच्या कर्जासाठी अर्ज केला, तेव्हा कर्ज-अधिकाऱ्याने तिन्ही क्रेडिट ब्यूरोंचा, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचा, एकत्र केलेला रिपोर्ट पाठवला आणि त्यातील एका ओळीचा खुलासा मागितला. एका ब्यूरोच्या रकान्यात माझ्या नावावर १,८४० डॉलरची वैद्यकीय थकबाकी होती. दुसऱ्या ब्यूरोत तेवढीच रक्कम एका वेगळ्याच वसुली कंपनीच्या नावाने होती, तिच्यापुढे ‘मेडिकल’ असा उल्लेख नव्हता आणि खाते उघडल्याची तारीख जवळजवळ वर्षभराने पुढची होती. तिसऱ्या ब्यूरोत अशी कोणतीच नोंद नव्हती. कागदपत्रे धुंडाळल्यावर लक्षात आले की हे सगळे ऑक्टोबर २०२२ मधल्या एका रात्रीचे देणे होते. भारतातून आमच्याकडे आलेल्या आईच्या छातीत दुखू लागले म्हणून तिला इमर्जन्सीत नेले होते आणि दाखल करताना पुढे केलेल्या कागदांवर मी सही केली होती. आईचे प्रवासी विम्याचे कार्ड हॉस्पिटलकडे दिलेले असूनही त्यांनी बिल माझ्या नोकरीच्या विम्याकडे पाठवले. त्या विम्यात आई नव्हतीच, त्यामुळे दावा नाकारला गेला आणि हमीदार म्हणून सही करणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, नावावर रक्कम चढली.

असे प्रकार आपल्या लोकांत वारंवार घडतात, आणि बहुतेक जण घाबरून दोनपैकी एक चूक करतात. एक तर आलेल्या पहिल्याच फोनवर कार्डाने पैसे भरून मोकळे होतात, किंवा एका ब्यूरोच्या संकेतस्थळावर ‘हे माझे नाही’ अशी खूण करून स्वस्थ बसतात. तिन्ही रिपोर्टांमधील विसंगती ही तुमच्या बाजूचा पुरावा असते आणि तो नीट मांडून झाल्याशिवाय पैशाला हात लावू नये, हे मी अनुभवातून शिकलो. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

नोंदी मुळात वेगळ्या का असतात

इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन स्वतंत्र खाजगी कंपन्या आहेत आणि त्यांच्या खातेवह्या एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. माहिती पुरवणाऱ्याने तिघींकडेही ती पाठवलीच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. हॉस्पिटल सहसा स्वतः काही कळवत नाही. ते थकलेले बिल वसुली एजन्सीकडे सोपवते किंवा विकते, आणि ती एजन्सी आपल्या सोयीप्रमाणे एका, दोन किंवा तिन्ही ब्यूरोंना कळवते. प्रत्येक ब्यूरो आलेली माहिती नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर यांच्या आधारे स्वतःच्या पद्धतीने जुळवते, त्यामुळे एकीकडे जुळलेली नोंद दुसरीकडे जुळत नाही, किंवा भलत्याच माणसाच्या फाइलला चिकटते.

आपल्या नावांची रचना या गोंधळात भर घालते. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून कधी पूर्ण लिहिले जाते, कधी केवळ आद्याक्षर येते, तर कधी ते आडनावाच्या जागी जाऊन बसते. लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव, जोशी, पाटील, कुलकर्णी यांसारखी सर्रास आढळणारी आडनावे आणि एकाच पत्त्यावर राहणारे बाप-लेक यांमुळे दोन माणसांच्या नोंदी एका फाइलमध्ये मिसळू शकतात. म्हणून थकबाकीकडे वळण्यापूर्वी रिपोर्टाच्या पहिल्या पानावरील नावे आणि पत्ते वाचावेत. तिथे अनोळखी नाव किंवा तुम्ही कधी न राहिलेला पत्ता दिसला, तर मूळ दोष बहुधा तिथेच आहे.

वैद्यकीय थकबाकीसाठी तिन्ही ब्यूरोंनी मिळून काही खास नियम स्वीकारले आहेत आणि या विषयाचे मर्म त्यांतच आहे. जुलै २०२२ पासून फेडलेली वैद्यकीय थकबाकी रिपोर्टावरून काढून टाकली जाते, आणि न फेडलेली थकबाकी पूर्वीच्या सहा महिन्यांऐवजी एक वर्ष उलटल्याशिवाय दाखवली जात नाही. एप्रिल २०२३ पासून, मूळ रक्कम ५०० डॉलरपेक्षा कमी असलेली वैद्यकीय नोंदही दाखवली जात नाही. मात्र ही चाळणी लागू होण्यासाठी नोंदीवर ‘वैद्यकीय’ असा वर्ग असावा लागतो. एजन्सीने माहिती पाठवताना तो संकेतांक चुकवला, तर ब्यूरोच्या दृष्टीने ती साधी थकबाकी ठरते. मग ३०० डॉलरचे रक्ततपासणीचे बिलही दिसत राहते, आणि ते फेडले तरी ‘फेडलेली वसुली’ म्हणून सात वर्षे मागे लागते. माझ्या दुसऱ्या ब्यूरोतील नोंद नेमकी अशी होती. कर्ज-अधिकाऱ्याच्या पहिल्याच फोननंतर मी भाबडेपणाने पैसे भरले असते, तर एक नोंद गेली असती आणि दुसरी तशीच राहिली असती.

कायद्याची आजची स्थितीही ध्यानात ठेवावी, कारण जुन्या बातम्या वाचून अनेकांचा समज झाला आहे की वैद्यकीय थकबाकी आता रिपोर्टावर येतच नाही. ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोने, म्हणजे सीएफपीबीने, जानेवारी २०२५ मध्ये तसा नियम केला होता. परंतु टेक्सासमधील संघीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तो रद्द केला. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांनी स्वतःचे कायदे करून अशा नोंदींवर बंधने घातली आहेत, आणि संघीय कायद्यापुढे राज्यांना असे कायदे करता येत नाहीत असे मत सीएफपीबीने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडले आहे. हा वाद मिटेपर्यंत तुमच्या राज्याचा कायदा पत्रात नमूद करावा, पण भिस्त त्या एका आधारावर ठेवू नये.

तिन्ही रिपोर्ट एकाच दिवशी काढा

ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत संकेतस्थळावर तिन्ही ब्यूरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला विनामूल्य मिळतात आणि स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने गुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, कमी होत नाही. तिन्ही एकाच दिवशी काढावेत, म्हणजे फरक दिसला तर तो मधल्या काळात माहिती बदलल्याने पडला असे कोणी म्हणू शकणार नाही. ते पीडीएफ स्वरूपात जतन करून छापूनही ठेवावेत. मोबाइलवरील ॲपमध्ये दिसणाऱ्या गुणांकावर विसंबू नये. त्यांपैकी अनेक ॲप व्हँटेजस्कोअर नावाचा गुणांक दाखवतात आणि त्याच्या चालू आवृत्त्या वैद्यकीय वसुली विचारातच घेत नाहीत, तर गृहकर्ज देणाऱ्या बँका आजवर मुख्यतः फायको या दुसऱ्या गुणांकाच्या जुन्या आवृत्त्या वापरत आल्या आहेत आणि त्यांत तीच नोंद गुण खाली आणते. ॲपवर सारे आलबेल दिसत असताना बँकेत मात्र अडचण यावी, याचे हे एक कारण आहे.

आता एक मोठा कागद घेऊन तीन उभे रकाने आखावेत आणि प्रत्येक ब्यूरोतील नोंद जशीच्या तशी उतरवावी : एजन्सीचे नाव, मूळ धनको, वर्ग, मूळ रक्कम, सध्याची बाकी, पहिली थकबाकी झाल्याची तारीख, खाते उघडल्याची तारीख, सद्यःस्थिती. मूळ धनकोच्या जागी हॉस्पिटलचे नाव बहुधा सापडणार नाही, कारण उपचाराचे स्वरूप उघड होऊ नये म्हणून कायद्यानेच ते झाकलेले असते. त्यामुळे नोंदीची ओळख रक्कम आणि तारखा यांवरूनच पटवावी लागते.

यांतील सर्वांत महत्त्वाची तारीख पहिल्या थकबाकीची. नोंद रिपोर्टावर किती काळ राहू शकते याची सात वर्षांची मुदत तिच्यावरून मोजली जाते, आणि थकबाकी कितीही वेळा विकली गेली तरी ती तारीख बदलता येत नाही. खाते उघडल्याची तारीख मात्र प्रत्येक नवी एजन्सी आपापली लिहिते, तेव्हा तिच्यातला फरक हा दोष नव्हे. दोन ब्यूरोंत पहिल्या थकबाकीची तारीख वेगवेगळी असेल, तर त्यांपैकी निदान एक चुकीची आहे हे कागदावरच सिद्ध होते. तीच रक्कम दोन एजन्सींच्या नावाने येत असेल तर ती दुबार नोंद आहे आणि ज्या एजन्सीकडून खाते काढून घेतले गेले तिने आपली नोंद मागे घेतली पाहिजे. विम्याने अंशतः पैसे दिल्यावर एका ठिकाणी बाकी कमी झालेली आणि दुसरीकडे जुनीच राहिलेली, हाही नेहमीचा प्रकार आहे. एखाद्या ब्यूरोत काहीच नसणे हा मात्र दोष ठरत नाही. त्या ब्यूरोला पत्र लिहून तिथे नसलेल्या नोंदीकडे लक्ष वेधू नये.

ब्यूरोच्या आधी बिल

बहुतेक लोक इथेच वाट चुकतात. चूक हॉस्पिटलच्या बिलात असेल आणि तक्रार फक्त ब्यूरोकडे गेली, तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होते. ब्यूरो तुमची तक्रार संगणकावरून एजन्सीकडे पाठवते, एजन्सी आपल्या नोंदवहीतील आकडा पाहून ‘बरोबर आहे’ असे उत्तर देते आणि प्रकरण मिटल्याचे पत्र तुमच्या हाती पडते. म्हणून आधी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात : प्रत्येक तपासणी आणि औषध वेगळे दाखवणारे तपशीलवार बिल, कोणत्या विम्याकडे कोणत्या तारखेला दावा पाठवला याचा इतिहास, मिळालेल्या आणि माफ केलेल्या रकमांचा हिशेब, आणि खाते कोणत्या तारखेला कोणत्या एजन्सीकडे गेले व परत आले याची माहिती. बिलाच्या नोंदींची प्रत मिळणे हा हिपा कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे आणि तिच्यासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. रुग्ण आई-वडील असतील आणि ते भारतात परतले असतील, तर त्यांच्या सहीचे संमतिपत्र जोडावे लागते. ते मागवून घेण्यातच आमचा पंधरवडा गेला, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागवावे.

विमा कंपनीने पाठवलेले ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’, म्हणजे दाव्याच्या हिशेबाचा कागद, बिलाशेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहावे. त्यात रुग्णाने द्यायची रक्कम २१० डॉलर लिहिली असेल आणि एजन्सी ९०० मागत असेल, तर तो एक कागद पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराला पुरतो. तातडीच्या उपचारांत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे तुमच्या विम्याशी करार नसलेल्या, डॉक्टरने लावलेले जादा बिल असेल, तर जानेवारी २०२२ पासून लागू असलेला नो सर्प्रायझेस ॲक्ट सहसा लागू पडतो. जमिनीवरून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सला मात्र तो लागू नाही. हॉस्पिटल धर्मादाय स्वरूपाचे असेल, तर पहिल्या बिलापासून १२० दिवस होईपर्यंत त्याला क्रेडिट ब्यूरोकडे थकबाकी कळवता येत नाही आणि आर्थिक साहाय्याचा अर्ज करण्यासाठी रुग्णाला २४० दिवस मिळतात. उत्पन्न बरे असलेली कुटुंबेही या सवलतीत कधीकधी बसतात, तेव्हा संकोच न करता चौकशी करावी.

एजन्सीचे पहिले पत्र आले असेल तर त्यावरची तारीख पाहावी. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत तिने थकबाकीचा तपशील कळवायचा असतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. या मुदतीत फोनवर ‘हो, देतो’ म्हणू नये आणि थोडीशी रक्कमही भरू नये. अनेक राज्यांत अंशतः भरणा केल्याने न्यायालयात वसुलीचा दावा लावण्याची मुदत नव्याने सुरू होते. वैद्यकीय देणे क्रेडिट कार्डावर किंवा दवाखान्यातच हाती दिल्या जाणाऱ्या ‘मेडिकल क्रेडिट कार्डा’वर टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ज्या क्षणी ते कार्डावर जाते त्या क्षणी ते साधे कर्ज बनते आणि वैद्यकीय नोंदींना असलेली वर सांगितलेली संरक्षणे बहुतेक गळून पडतात.

हरकत कशी नोंदवावी

हरकत दोन दिशांनी जावी : ज्या ज्या ब्यूरोत चुकीची नोंद आहे तिच्याकडे स्वतंत्रपणे, आणि त्याच दिवशी एजन्सीकडे थेट. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एजन्सीला चौकशीत चूक आढळली, तर तिने ज्या ज्या राष्ट्रीय ब्यूरोला ती माहिती दिली होती त्या सगळ्यांना दुरुस्ती कळवणे हे कायद्याने तिचे कर्तव्य आहे. याउलट एजन्सीने मुदतीत उत्तरच दिले नाही म्हणून एखाद्या ब्यूरोने नोंद काढली, तर ती फक्त त्या ब्यूरोतून जाते आणि विसंगती पहिल्यापेक्षा वाढते.

ब्यूरोंच्या संकेतस्थळांवर हरकत नोंदवता येते, पण तेथील ठरीव पर्यायांत दुबार नोंद, चुकीचा वर्ग आणि चुकीची तारीख हे तीन मुद्दे एकत्र नीट मांडता येत नाहीत. मी कागदी पत्रे सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवली. मूळ पत्र अर्थातच इंग्रजीत होते. त्याचा आशय असा : ‘आपल्या रिपोर्टातील अमुक क्रमांकाच्या नोंदीबाबत माझी हरकत आहे. ही थकबाकी वैद्यकीय उपचारांची असून तिच्यावर तसा वर्ग दाखवलेला नाही. सोबत हॉस्पिटलचे तपशीलवार बिल जोडले आहे. हेच देणे दुसऱ्या एका ब्यूरोच्या रिपोर्टात वेगळ्या एजन्सीच्या नावाने आणि पहिल्या थकबाकीच्या वेगळ्या तारखेसह आले आहे. त्या रिपोर्टाचे संबंधित पान सोबत आहे. दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. कृपया ही नोंद काढून टाकावी आणि चौकशीचा निष्कर्ष लेखी कळवावा.’ पत्र एवढेच असावे. आजारपणाची कहाणी, संताप आणि अर्जविनंत्या यांनी त्यात जागा अडवू नये. ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडावी, मूळ कागद कधीही पाठवू नयेत, आणि उपचारांचे जे तपशील मुद्द्याला लागत नाहीत ते बिलाच्या प्रतीवर काळ्या शाईने झाकावेत.

ब्यूरोने पाच कामकाजाच्या दिवसांत ही हरकत एजन्सीला कळवायची असते आणि ३० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवरील विनामूल्य रिपोर्टावरून हरकत घेतली असेल, किंवा मधेच तुम्ही नवे कागद पाठवले असतील, तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाते. म्हणून सारे पुरावे पहिल्याच पाकिटात घालावेत. गृहकर्जाचा अर्ज सुरू असेल, तर हरकत पाठवण्याआधी कर्ज-अधिकाऱ्याला सांगावे. नोंदीवर ‘हरकत प्रलंबित’ असा शेरा असताना काही बँका निर्णय पुढे ढकलतात. उलट हॉस्पिटलचे किंवा एजन्सीचे दुरुस्तीपत्र हातात असेल, तर बँकेमार्फत ‘रॅपिड रीस्कोअर’ करवून काही दिवसांत नवा गुणांक मिळवता येतो. ही सोय बँकेमार्फतच मिळते, ग्राहकाला परस्पर मागता येत नाही.

‘तपासले, बरोबर आहे’ असे उत्तर आले तर

असे उत्तर एका ब्यूरोकडून आले आणि दुसरीने मात्र नोंद काढली, तर दुसरीचे पत्र पहिलीला पाठवून पुन्हा हरकत घ्यावी आणि चौकशी कोणत्या पद्धतीने केली याचे वर्णन मागावे; मागणी केल्यापासून १५ दिवसांत ते देणे ब्यूरोवर बंधनकारक आहे. त्यानेही काम झाले नाही तर सीएफपीबीकडे ब्यूरो आणि एजन्सी या दोघांविरुद्ध वेगवेगळ्या तक्रारी नोंदवाव्यात आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयालाही लिहावे. पुरावा देऊनही चूक जाणूनबुजून कायम ठेवली गेली, तर १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे १०० ते १,००० डॉलरपर्यंत भरपाई आणि वकिलाचा खर्च मिळू शकतो, त्यामुळे या क्षेत्रातील बरेच वकील ग्राहकाकडून आगाऊ शुल्क घेत नाहीत. ‘क्रेडिट दुरुस्त करून देतो’ असे सांगून महिन्याला पैसे घेणाऱ्या कंपन्यांच्या नादी लागू नये. त्या जे करतात ते तुम्हाला विनाखर्च करता येते.

देणे खरे असेल, वर्गही बरोबर असेल आणि रक्कम पटत असेल, तर मात्र ते फेडावे. त्याआधी ही नोंद वैद्यकीय आहे आणि भरणा झाल्यावर तिन्ही ब्यूरोंतून ती काढण्याची सूचना आम्ही देऊ, असे एजन्सीकडून लेखी घ्यावे, किंवा हॉस्पिटल खाते परत घेऊन थेट पैसे स्वीकारील का हे विचारावे. आमच्या बाबतीत हॉस्पिटलने चुकीच्या विम्याकडे दावा पाठवल्याचे मान्य केले, प्रवासी विम्याने उशिरा का होईना आपला वाटा दिला, उरलेले ३१० डॉलर आम्ही हॉस्पिटलला भरले आणि दोन्ही एजन्सींना खाते मागे घेतल्याचे पत्र गेले. पहिल्या ब्यूरोतील नोंद तीन आठवड्यांत गेली. दुसरीतील नोंद काढायला दुसरे पत्र लागले, कारण पहिल्या चौकशीत त्यांनी फक्त रक्कम तपासली होती, वर्ग नाही.

आई-वडील पुन्हा येणार असतील तर एवढे करून ठेवावे : प्रवासी विम्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत जवळ असावी, आणि इमर्जन्सीत पुढे केलेल्या कागदांवर ‘आर्थिक जबाबदारी’चा परिच्छेद कोणता आहे हे पाहूनच सही करावी. १९८६ च्या एमटाला कायद्यानुसार इमर्जन्सी विभाग असलेल्या हॉस्पिटलला पैशांच्या चौकशीसाठी तपासणी आणि प्रकृती स्थिर करण्याचे उपचार लांबवता येत नाहीत, त्यामुळे दोन मिनिटे थांबून वाचल्याने रुग्णाचे नुकसान होत नाही.

नोंद गेल्याचे पत्र आल्यावर साठ दिवसांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी तिन्ही रिपोर्ट काढून पाहावेत, कारण काढलेली नोंद एजन्सीने माहिती खरी असल्याचे प्रमाणित केल्यावर परत येऊ शकते. तसे झाल्यास ब्यूरोने तुम्हाला पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवायचे असते. पत्र न येता नोंद परतली असेल, तर त्याच मुद्द्यावर नवी हरकत घ्यावी. बिल, विम्याचे कागद, पोचपावत्या आणि ब्यूरोंची उत्तरे यांची फाइल पहिल्या थकबाकीच्या तारखेपासून सात वर्षे पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावी. आमच्या फाइलच्या मुखपृष्ठावर ती तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे.